दाखला कधी काढलास?

ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचं, अलॉटमेंट लेटर आलं, तेव्हा पुण्यातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजची वर्षाची फी होती १ लाख २ हजार रुपये. अण्णांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली आमची जिरायत जमीन, दोन म्हशी, आईचं शिलाई मशीन, एवढ्यावर घर चालतं. "बघू काय होतंय ते," म्हणाले आणि वैरण टाकायला गोठ्याकडे गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर फेब्रुवारीपासून सांगत होते की निकालाची वाट बघत बसू नका, दाखले काढायला घ्या. मी ऐकलं नव्हतं. माझ्या डोक्यात स्कॉलरशिप म्हणजे चौथीची स्कॉलरशिप परीक्षा. ज्यांचं नाव यादीत लागतं, फळ्यावर लिहितात, त्यांना मिळते ती. मी तेव्हा यादीत नव्हते आणि बारावीला मला ७४ टक्के होते, म्हणजे आपला काही संबंध नाही असं मी धरून चालले होते. ही समजूत मला किती महाग पडली असती, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. राज्य सरकारच्या फीसवलतीसाठी गुणवत्ता यादी लागतच नाही. मुख्य अटी म्हणजे घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, आणि कागद वेळेत. पहिल्या दोन्ही अटींत आम्ही बसत होतो. अडलं ते तिसरीवर.

सरांच्या धाकाने ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला एवढं ऑगस्टमध्ये झालं होतं. राहिला होता अल्पभूधारकाचा दाखला, कारण तो कशाला लागतो हेच कुणाला माहीत नव्हतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दोन योजना आमच्यासारख्यांसाठी होत्या. एक राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तिच्यात तेव्हा शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळायची. दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. ही दुसरी गावात कुणी ऐकलेली नव्हती. अल्पभूधारक शेतकऱ्याचं किंवा नोंदणीकृत मजुराचं मूल पुण्या-मुंबईत राहून व्यावसायिक अभ्यासक्रम शिकत असेल, तर तेव्हा वर्षाला ३० हजार मिळायचे. मला हे कळलं ते महा ई-सेवा केंद्रात फॉर्म भरताना, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका अनोळखी मुलीकडून. ती तिसऱ्या वर्षाला होती, रिन्युअल भरायला आली होती. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगं, हॉस्टेलचं का नाही भरत? आठ-अ आहे का तुझ्याकडे?" तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

आठ-अ म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा. तो काढला आणि तिथेच गाडी रुतली. जमीन आजोबांच्या नावावरून तिघा भावांच्या नावावर सामाईक लागलेली. क्षेत्र ३ हेक्टर ६० आर. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत. तालुक्याच्या कचेरीतल्या माणसाने कागद बघितला आणि परत दिला: "तुम्ही बसत नाही." आम्ही दोघं बाहेर पायरीवर येऊन बसलो. अण्णांच्या वाट्याला प्रत्यक्षात १ हेक्टर २० आर येते, तीन एकर. आख्ख्या गावाला माहीत आहे कुठला बांध कुणाचा. पण कागदावर ते कुठेच नव्हतं.

पुढचे अकरा दिवस त्यात गेले. थोरले काका मुंबईत माथाडी कामगार, धाकटे काका गावातच पण बोलणं बंद. विहिरीच्या पाळीवरून चार वर्षं अबोला होता. अण्णा त्यांच्या दारात गेले. मी बरोबर नव्हते, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे काका आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "पोरीचा कागद हाय ना? चल, कुटं सही करायची ती करतो." तलाठ्याने तिघांच्या संमतीवरून हिश्श्याचा अहवाल दिला, त्यावर तहसीलचा दाखला निघाला. माझ्या शिक्षणातला सगळ्यात अवघड कागद हाच. आणि खरं सांगायचं तर या एका कागदामुळे दोन घरांचं येणंजाणं सुरू झालं, ते ३० हजारांपेक्षा मोठं होतं.

सामाईक खातं असलेल्या घरांना मी कळकळीने सांगते, आठ-अ आत्ताच काढून बघा. मूल दहावीला असतानाच बघा. हिस्से सरकारी कागदावर दिसायला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या आठवड्यात कुठलाच भाऊ मुंबईहून येऊ शकत नाही.

तिकडे कॉलेजच्या फीच्या खिडकीवर वेगळंच चाललं होतं. हिशोब असा: १ लाख २ हजारांत शिक्षण शुल्क ८८ हजार, बाकीचे १४ हजार विकास शुल्क वगैरे. निम्मं शिक्षण शुल्क म्हणजे ४४ हजार सरकार देणार, म्हणजे प्रवेशाच्या वेळी आम्ही ५८ हजार भरायचे. खिडकीतून उत्तर आलं, "आधी पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की तुमच्याच खात्यात येईल." अण्णांच्या पिशवीत ६० हजार होते. त्यातले २५ आईच्या बचत गटाचे, २० डेअरीची उचल, बाकी एका कालवडीचे. माझे हातपाय गार पडले. मग आठवलं की सरांनी वहीत लिहून दिलं होतं: पात्र विद्यार्थ्याकडून शासनाच्या वाट्याची रक्कम प्रवेशावेळी घेऊ नये अशा सूचना आहेत, शांतपणे प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा आणि पोच घ्या. मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. हस्ताक्षर थरथरत होतं. सोबत उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएस आणि हमीपत्र, की रक्कम जमा होताच कॉलेजला भरीन. तीन तास थांबलो. शेवटी ५८ हजारांवर प्रवेश झाला. बाहेर आल्यावर अण्णांनी वडापाव घेतले आणि म्हणाले, "अर्ज चांगला लिहितेस तू."

त्यांना वाटतं तसं ते माझं कौशल्य नव्हतं. माहिती होती म्हणून बोलता आलं. त्याच रांगेत माझ्यामागे एक मुलगी होती, परभणीकडची. तिच्या वडिलांनी पूर्ण रक्कम भरली, व्याजाने काढून. नंतर आम्ही एकाच वर्गात बसलो. तिची रक्कम परत मिळेपर्यंत चौदा महिन्यांचं व्याज गेलं.

आता प्रगती शिष्यवृत्तीचं. हे मी सविस्तर सांगते, कारण दर वर्षी मुली इथे गोंधळतात. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ही योजना मुलींसाठी आहे, मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या वर्षाला प्रवेश, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, वर्षाला ५० हजार. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज. पन्नास हजारांचा आकडा बघून मी रात्रभर झोपले नाही. पण अट अशी की केंद्राची वा राज्याची दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. मैत्रिणी म्हणाल्या, दोन्ही भरून ठेव, कुठलं लागेल ते लागेल. मला ते पटलं नाही, कारण अर्जात तसं लिहून द्यावं लागतं आणि आधार नंबर दोन्हीकडे एकच. कागद-पेन घेऊन बसले. राज्याकडून ४४ हजार अधिक ३० हजार म्हणजे ७४ हजार. प्रगतीचे ५०. शिवाय प्रगती ठरावीक जागांची, निवड होईल की नाही ते आधी कळत नाही, राज्याची मात्र अटीत बसलात तर मिळणारच. मी प्रगती सोडली. हाच हिशोब घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलीचा तेव्हा उलटा यायचा. तिला वसतिगृह भत्ता नाही, आणि शिक्षण शुल्क ७० हजार असेल तर तेव्हा निम्मे ३५. तिने तेव्हा प्रगतीसाठीच झटणं बरं होतं. प्रत्येकीने आपले आकडे मांडून बघावेत, दुसरीचं बघून ठरवू नये.

माझी गावाकडची मैत्रीण साताऱ्यात बी.एस्सी.ला गेली. ती बारावीच्या पहिल्या २० टक्क्यांत होती आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, म्हणून तिला केंद्राची वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती मिळाली. फी कमी असलेल्या अभ्यासक्रमाला ही रक्कम छोटी नाही. दुसऱ्या वर्षी मात्र तिचं रिन्युअल भरायचं राहिलं, ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी दोन्ही असून. एक तारीख हुकली म्हणून वर्ष गेलं. ती रडत फोनवर होती आणि मला काही सुचत नव्हतं. तेव्हापासून मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने तारखा लिहिते.

पुण्यात आधी मी कॉटबेसिसवर राहिले, एका खोलीत पाच जणी. वसतिगृह भत्त्यासाठी राहण्याचा पुरावा लागतो: वसतिगृहाचं प्रमाणपत्र, नाहीतर भाडेकरार. मालकीणबाई करार करून द्यायला तयार नव्हत्या. "अशा भानगडी नकोत, नाहीतर खोली सोड," म्हणाल्या. त्यांचीही काही अडचण असेल, पण माझे ३० हजार त्यावर अडले होते. पंधरा दिवस रोज कॉलेज सुटलं की मी मुलींची वसतिगृहं शोधत फिरले. पुण्यात हे एक मोठं सुदैव आहे की गावाकडून येणाऱ्या मुलांसाठी पिढ्यान् पिढ्या लोकांनी संस्था उभ्या केल्यात. १९५५ पासूनची विद्यार्थी साहाय्यक समिती त्यातलीच. मला तिथे मिळालं नाही, तोवर जागा भरल्या होत्या. एका छोट्या न्यासाच्या वसतिगृहात एक कॉट रिकामी झाली. तिथल्या बाईंनी त्याच दिवशी शिक्क्यानिशी प्रमाणपत्र लिहून दिलं.

योजनांची नावं तेव्हा मला नुसती नावं होती. पुढे वाचलं की शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं काढत गेले. म्हणजे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं की नुसती फी माफ करून भागत नाही, पोराला शहरात टेकायला जागा लागते आणि दोन वेळचं जेवण लागतं. तो कॉटबेसिसचा महिना काढल्यावर मला हे फार आतून कळलं.

अर्ज भरला डिसेंबरात. जानेवारीत 'सेंट बॅक', म्हणजे अर्ज दुरुस्तीला परत. दाखल्याचा स्कॅन वाचता येत नाही म्हणून. फाइल २५६ केबीच्या आत बसवायला मी फोटो इतका दाबला होता की शिक्का पुसट झाला. कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातले काका चांगले होते, त्यांनी फोन करून बोलावलं. म्हणाले, "पोरी, मोबाइलने फोटो काढू नको, स्कॅनर लाव, काळा-पांढरा ठेव, पान सरळ ठेव." परत भरला. संस्था स्तरावर मंजूर, मग विभाग स्तरावर मंजूर. आणि मग काहीच नाही.

मार्च, एप्रिल, मे. वर्गातल्या इतरांना पहिला हप्ता आला. माझ्या पुण्यातल्या खात्यात शून्य. खातं उघडताना आधार दिलं होतं, त्यामुळे जोडलेलं आहे असं मी समजत होते. इथे मी तीन महिने घालवले, म्हणून नीट सांगते. बँकेला ओळखीसाठी आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे घेण्यासाठी सीडिंग करणं वेगळं. खाती कितीही असोत, सरकारी पैसा आधारमार्फत एकाच खात्यात जातो, एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत ज्या बँकेचं नाव शेवटी लागलं तिथे. मोबाइलवरून *९९*९९*१# लावून आधार नंबर टाकला की त्या बँकेचं नाव दिसतं. वसतिगृहातल्या एका मुलीने मला हे सांगितलं, तिथेच कॉटवर बसून मी नंबर लावला, आणि नाव आलं गावाकडच्या बँकेचं. आठवीत असताना शाळेने उघडून दिलेलं खातं. चार वर्षांत त्यात एकही व्यवहार नव्हता, खातं गोठलेलं, पैसे जाऊन परत फिरले होते.

पुण्याच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून सही-शिक्क्याची पोच घेतली. पहिल्यांदा खिडकीवरच्यांनी "आधार लिंकच आहे" म्हणून परत पाठवलं होतं. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग" (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात) हे शब्द कागदावर लिहून नेले तेव्हा काम झालं. योग्य शब्द माहीत असणं किती मोठी गोष्ट आहे! ऑगस्ट २०२३ मध्ये, दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, पहिल्या वर्षाचे पैसे आले. शिक्षण शुल्काचे पैसे मी त्याच आठवड्यात कॉलेजला भरून पावती घेतली. खात्यात दिसतात म्हणून ते आपले नसतात, हे काहीजण विसरतात आणि मग शेवटच्या वर्षी निकाल अडकतो.

पण पैसे ऑगस्टात येणार असतील तर नोव्हेंबर ते जुलै खायचं काय? 'कमवा आणि शिका'ने मला तारलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ज्या विचारावर रयतची शाळा-वसतिगृहं चालवली, तीच ही योजना, आता विद्यापीठातर्फे कॉलेजांत चालते. मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचे, नोंदी करायचे. महिन्याला दोन-अडीच हजार सुटायचे, त्यात मेसचा बराचसा भाग निघायचा. सुरुवातीला ओळखीचं कुणी दिसलं की मी कपाटामागे जायचे. मग एक दिवस वर्गातला सगळ्यात हुशार मुलगाही तिथे झाडू घेऊन उभा दिसला आणि ते थांबलं.

खासगी शिष्यवृत्त्यांसाठी मी सात अर्ज केले. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची, दर वर्षी ५ हजार विद्यार्थ्यांना मिळणारी, तिची ऑनलाइन परीक्षा दिली, निवड झाली नाही. चार ठिकाणांहून उत्तर नाही. एके ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेले. सातवा एका स्थानिक न्यासाचा, वर्षाला १५ हजार. त्यांचे एक गृहस्थ घर बघायला गावाला येणार होते. आईने आदल्या दिवशी सगळं घर सारवलं, मग नवी सतरंजी काढली, मग परत ठेवली. मला फोन करून विचारते, "अगं, घर चांगलं दिसलं तर देणार नाहीत का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "आई, रोज जसं असतं तसं राहू दे." ते आले, तासभर बसले, शिलाई मशीनवर किती कमाई होते ते विचारलं आणि जाताना आईला नमस्कार करून गेले. पैसे मंजूर झाले. आई अजून त्या नमस्काराबद्दल बोलते.

या अर्जांत 'आपली परिस्थिती लिहा' असा एक रकाना असतो. पहिल्यांदा मी दुष्काळ, कर्ज, हलाखी असं खूप लिहिलं, ते वाचून माझं मलाच परकं वाटलं. सातव्या अर्जात फक्त आकडे लिहिले: दूध किती, शिलाई किती, फी किती, सरकारकडून किती येणार, कधी येणार, मधल्या महिन्यांत किती कमी पडतात. मुलाखतीत त्यांनी त्यावरच प्रश्न विचारले आणि मला लाजल्यासारखं झालं नाही.

जुलै २०२४ मध्ये सरकारचा निर्णय आला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्म्याऐवजी पूर्ण माफ. नव्याने प्रवेश घेणाऱ्या आणि आधीपासून शिकणाऱ्या, दोघींनाही. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला नाही. माझं तिसरं वर्ष आणि धाकटीचं पहिलं. दोघींचं मिळून जे भरावं लागलं, ते मी एकटीने पहिल्या वर्षी भरलेल्यापेक्षा कमी होतं. अण्णांनी पावत्या दोन-तीनदा मोजल्या.

धाकटीच्या प्रवेशाला मी निळी फाइल घेऊन गेले होते, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, वर पेन्सिलीने मुदत. उत्पन्नाच्या दाखल्यावर '३१ मार्चपर्यंत'. खिडकीवर ती पुढे, मी मागे. तिला काही विचारलं की ती वळून बघायची, "ताई?" तिसऱ्यांदा वळली तेव्हा मी फाइल तिच्याच हातात दिली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की गावी जाते, तेव्हा बारावीच्या मुली घरी येतात. पहिला प्रश्न मी हाच विचारते, दाखला कधी काढलास? मग सातबारा, आठ-अ, आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव, बँकेचं सीडिंग, असं बघत जाते. मागच्या एप्रिलला सातजणी आल्या होत्या. एकीचं आधारवर नाव वेगळं होतं, तिला दुरुस्तीला पाठवलं. एकीच्या आठ-अ वर अजून पणजोबांचंच नाव आहे. तिचे वडील आणि चुलते बोलत नाहीत. आमचे धाकटे काका त्यांच्याकडे जाऊन आले, संमती द्यायला तयार झालेत, तलाठ्याकडे अर्ज गेला आहे.